बाजाराच्या दुसऱ्या दिवशी

बाबा बाजाराच्या दिवशी गेले. सकाळी त्यांनी चहा मागितला. वहिनीनं चहा ठेवला. तो कपात ओतेपर्यंत बाबा गेले. दादानं मला वर्ध्याला फोन केला आणि मी आर्वीची बस धरली.

पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. जो येई तो दोन वाक्यं बोले. आधी, "सुटले बिचारे." मग जरा वेळानं, आवाज उतरवून, "बिडीनं नेलं." बाबांनी तरुणपणी बिड्या ओढल्या होत्या, हे खरं. पुढं कधीमधी, कुणी हातात दिली तर. पण ती बिडी अंगणात इतक्या सहज फिरत होती की एकेकाला उठवून बाहेर काढावं असं मला वाटलं. काढलं नाही. मी घरातली शिकलेली मुलगी, वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. शिकलेल्यांनी अशा वेळी पाणी द्यायचं असतं. मी पाणी देत राहिले.

बाबांनी जन्मभर एकच काम केलं. आर्वीच्या बाहेर एक जिनिंग आहे. तिथं रेचे चालतात. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या यायला लागल्या की रेचे सुरू होत आणि उन्हाळ्यापर्यंत चालत. बाबा रेच्यावर होते. त्या दिवसांत ते घरी येत तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या असत. दादा आणि मी फुंकर मारून ती रुई उडवायचो आणि ते डोळे मिटून बसून राहायचे. दादा मोठा झाला आणि त्याच जिनिंगमध्ये शेजारच्या रेच्यावर लागला. बाबांना दम लागून काम झेपेना, ते घरी बसले, तेव्हा दादा बाबांच्या रेच्यावर गेला. बढती झाल्यासारखा त्यानं पेढा वाटला होता.

आठवड्यातून एक सुटी असे, बाजाराच्या दिवशी. लोक बाजार करत, भजी खात, दुपारी झोपत. दुसऱ्या दिवशी रेच्यावर उभं राहिलं की निम्म्या जणांची छाती आवळून येई. श्वास अर्ध्यावर अडके, अंगात तापाची कसर भरे. त्याला जिनिंगमध्ये नाव होतं: बाजार बाधला. "काय गा, बाजार बाधला काय?" असं हसत विचारायचे. कुणी भज्यांच्या तेलाला दोष देई, कुणी दुपारच्या झोपेला. पुढचे दिवस काम करता करता छाती मोकळी होत जाई, म्हणून सगळ्यांनी एक निष्कर्ष काढला होता आणि तो बाबांनीही काढला: आराम सोसत नाही. कष्टाच्या माणसाचं अंग बसलं की बिघडतं. यावरचा उपाय सोपा होता. बसायचंच नाही. बाबांनी बाजार सोडला. सुटीच्या दिवशी जिनिंगमध्ये झाडलोट, यंत्राची सफाई, रुईचे ढीग हलवणं अशी कामं असत. ती ते मागून घेत. मॅनेजर चार लोकांत त्यांचा दाखला देई, "याला म्हणतात माणूस. सुटी देतो म्हटलं तरी घेत नाही." संध्याकाळी सगळ्यांना गुळाचा खडा मिळे. गुळानं गळ्यातली धूळ उतरते म्हणत. बाबा अर्धा खडा तोंडात टाकत आणि अर्धा आमच्यासाठी आणत. जिनिंगच्या मालकानं माणसाच्या छातीसाठी केलेला सगळा खर्च एवढाच.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्यातल्या शोकविधीच्या, संध्याकाळी जेवणं झाल्यावर माणसं ओसरीवर बसली आणि, अशा वेळी होतं तसं, बाबांच्या गमती निघाल्या. दादानं मोठ्या दवाखान्यातली गंमत सांगितली. बाबांचा दम वाढल्यावर तो त्यांना छातीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला होता.

"डाक्टर नवाच होता. लय पुस्तकी. बाबाले विचारते, सोमवारी जास्त त्रास होते का तुम्हाले? बाबा माह्या तोंडाकडे पाहून राह्यले. मंग म्हणतात, डाक्टरसाहेब, आमच्यात सोमवार धरत नाई."

ओसरीभर हसू उठलं. आमच्या घरात आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून कुणी शंकराचा सोमवार केलेला नाही. डॉक्टरांना उपासच विचारायचा असेल, असं बाबांना वाटलं. "डाक्टर बी हासला," दादा म्हणाला. "मंग विचारलं, बिडी ओढता का? बाबा म्हणे, कधीमधी. झालं. लिवून टाकलं." मीही हसले होते. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दादा कामावर गेला. बाबांच्या दुखण्यात आणि मग दुखवट्यात त्याची बरीच रजा झाली होती. संध्याकाळी परतला तो छातीवर हात दाबून.

"आवळून आलं वो बाई," मला म्हणाला. "श्वास खाली उतरूनच नाई राह्यला."

वहिनी रडायला लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बापाचं दुःख हाय ते. आपण बाया रडून मोकळ्या होतो. माणसाच्या छातीत बसते." मला ते पटलं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले. आठवड्याअखेर त्याची छाती हलकी झाली आणि बाबांचं दुःख ओसरतंय असं समजून मी वर्ध्याला परत आले.

त्या दिवसांत गोष्टी वाचणं जमत नव्हतं. कोणत्याही गोष्टीत कुणी ना कुणी मरतं. शब्दकोश जमत होता. आमच्या ग्रंथालयात खिडकीजवळ एका लाकडी घोडीवर जाडजूड इंग्रजी शब्दकोश उघडा ठेवलेला असतो. तासांच्या मधल्या वेळात मी तिथं उभी राहून पानं वाचत असे. एका दुपारी 'बी' अक्षराच्या शेवटच्या पानांवर एक शब्द दिसला: बिसिनोसिस. इतकी वर्षं इंग्रजी शिकवते, हा शब्द मी कधी पाहिला नव्हता. अर्थ एका ओळीत होता. कापसाची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यानं होणारा फुप्फुसाचा विकार.

मी ती ओळ बराच वेळ वाचत राहिले. मग सवयीनं शब्दाचं मूळ वाचलं. शेवटचं 'ओसिस' म्हणजे विकार, हे माहीत होतं. आधीचं 'बिसोस' ग्रीक. अर्थ, जवसाच्या झाडाचा तलम धागा, म्हणजे लिनन, आणि त्याचं झिरझिरीत वस्त्र. ग्रीकांनीही तो शब्द पूर्वेकडच्या कुठल्या तरी जुन्या भाषेतून उचललेला. राजे, पुजारी, श्रीमंत असलं वस्त्र अंगावर घेत. इजिप्तमध्ये मेलेल्या थोरामोठ्यांना गुंडाळत ती पट्टी म्हणजेही हेच कापड. पुढं शब्द सैल झाला. कधी लिननला, कधी कापसाला, कधी रेशमालाही लावला गेला; कापड तलम आणि महाग असलं की झालं. समुद्रातले शिंपले खडकाला धरून राहतात त्या धाग्यांनाही हेच नाव, कारण त्यांचंही कुणा श्रीमंतासाठी वस्त्र विणत. आणि शे-सव्वाशे वर्षांहून आधी कधीतरी युरोपातल्या डॉक्टरांसमोर गिरण्यांतली खोकणारी माणसं आली, तेव्हा त्यांच्या आजाराला नाव देताना हा शब्द हाताशी होता.

मला शब्दांची मुळं आवडतात. वर्गात मी मुलांना सांगते, शब्दाच्या पोटात इतिहास असतो. त्या दुपारी मला त्या पोटावर लाथ मारावीशी वाटली. माणूस धुळीनं मरतो आणि त्याच्या मरणाला राजाच्या अंगावरच्या कापडाचं नाव मिळतं. खोकणाऱ्याचं नाही, धुळीचं नाही, रेच्याचंही नाही. ज्यानं ते वस्त्र नेसलं त्याची हौस शब्दात शिल्लक राहिली आणि ज्यानं त्याची रुई छातीत भरून घेतली तो शब्दात कुठंच नाही. एवढंही मी सोडून दिलं असतं. सगळेच शब्द असे निघतात. पण हे नाव होतं. इतकी वर्षं होतं. छापलेलं होतं, आमच्याच ग्रंथालयात घोडीवर उघडं होतं, आणि आर्वीच्या त्या अंगणात ते कुणाच्या तोंडी आलं नाही. तोंडी आली बिडी.

माझी एक जुनी विद्यार्थिनी वैद्यकीय महाविद्यालयात शिकते. तिनं मला तिथल्या ग्रंथालयात नेलं आणि एक जाड पुस्तक समोर ठेवलं. तिथं आजाराचं वर्णन होतं. सुरुवातीला त्रास रोज होत नाही. आठवड्याची सुटी संपवून माणूस कामावर परततो त्या पहिल्या दिवशी छाती आवळते. पुढचे दिवस शरीर धुळीला सरावल्यासारखं होतं आणि आवळणं कमी होतं. नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं. मोठी सुटी झाली तर परतल्यावरचा त्रास जास्त. इंग्रजीत याला सोमवारचा ताप असंही म्हणतात, कारण त्यांच्या गिरण्या रविवारी बंद असत.

सोमवार.

मी पुस्तक मिटलं. तो डॉक्टर बरोबर प्रश्न विचारत होता. त्यानं पुस्तक वाचलं होतं, आजार ओळखण्याच्या तो अगदी उंबऱ्यावर होता, आणि तरीही त्यानं बाबांना युरोपातला वार विचारला. आर्वीच्या माणसाला बाजाराचा दुसरा दिवस विचारायचा असतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. विदर्भात राहून, इथला कापूस अंगावर घालून त्याला कधी कळलं नव्हतं की इथं सुटी रविवारी नसते. आणि उत्तर ऐकून तो हसला. त्याऐवजी एकदा, फक्त एकदा, 'सुटी कधी असते?' असं विचारलं असतं तर? आम्ही सगळे त्या गमतीवर पोट धरून हसलो होतो.

आणि बाजार सोडलेला माणूस. त्रास होतो म्हणून सुटी टाळायची, म्हणजे ज्या एका दिवशी छाती धुळीपासून सुटायची तोही दिवस धुळीला द्यायचा. जिनिंगमधल्या सगळ्यांनी स्वतःच्या अनुभवातून, डोकं लावून, काळजीपूर्वक हे चुकीचं औषध शोधून काढलं होतं. मॅनेजरनं त्यावर शाबासकी दिली होती.

मग मला दादाची छाती आठवली. रजेनंतरचा पहिला दिवस. ज्याला आम्ही बाबांचं दुःख म्हटलं ती रुई होती.

पुढच्या रविवारी मी आर्वीला गेले. दादा घरी नव्हता. दुपारी जेवायला आला. बाबांसारख्याच भुवया घेऊन. मी त्याला सगळं सांगितलं, पुस्तकात होतं तसं, सावकाश. तो भाकरी मोडत ऐकत होता.

"म्हंजे त्या आजाराचं नाव काय म्हणली?"

मी सांगितलं.

"आमी त्याले बाजार म्हणतो. तुमी इंग्रजीत म्हणता. फरक काय पडला, मास्तरीणबाई?"

"दादा, बाबा बिडीनं नाही गेले. रुईनं गेले. आणि तुलाही तेच होऊन राह्यलं."

"मले काई नाई झालं. मी बाजार सोडला तवापासून छाती मोकळी हाय."

"कधी सोडला?"

"बाबा घरी बसले तवा. त्यायनंच सांगतलं. म्हणे, बाजार नोको करजो, छाती चांगली राह्यते." तो हसला. "त्यायनं मले दिलेली एक तेवढीच दौलत."

माझा आवाज चढला. आमच्या घरात माझा आवाज कधी चढत नाही, म्हणून वहिनी चुलीपासून उठून दारात आली. मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. मूर्ख म्हणाले, एवढं आठवतं. दादानं हातातली भाकरी ताटात ठेवली. मग त्यानं विचारलं, आणि तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे.

"मंग तू सांग. सुटी घेतली त दुसऱ्या दिवशी छाती आवळते. नाई घेतली त मरतो. तुह्या पुस्तकात माह्यासाठी कोणता दिवस लिवला हाय?"

पुस्तकात उपाय एका ओळीत होता: धुळीपासून दूर राहणे. इंग्रजीत ते फार सोपं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून जिनिंगवर गेले. मॅनेजरनं खुर्ची दिली, चहा मागवला, बाबांबद्दल दोन शब्द बोलला. "तुमचे वडील म्हणजे मॅडम, एक दिवस सुटी नाही. आताच्या पोरांना सांगतो मी." त्याच्या कार्यालयाच्या काचेपलीकडं रेचे चालू होते. माणसं धुरकट दिसत होती. मी त्याला आजाराचं नाव सांगितलं. धूळ ओढून घेणारे पंखे, नाकातोंडावर बांधायला नीट मास्क, वर्षातून एकदा छातीची तपासणी, असं मी घरून जुळवून नेलेलं सगळं बोलले. त्यानं ते ऐकून घेतलं. मग आजाराचं नाव पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तो मनापासून हसला.

"मॅडम, एवढं अवघड नाव. आमच्या लोकांना कसा होईल तो?"

मी आयुष्यात कुणाच्या अंगावर चहा फेकलेला नाही. त्या दिवशी मी भरलेला कप टेबलावर हातापासून लांब सरकवला. मी म्हणाले, "होतो. माझे वडील त्यानंच गेले." तो गंभीर झाला आणि म्हणाला, "बिडीचं काय ते बघा ना पण." मी उठले. दारापर्यंत सोडायला आलेल्या माणसानं मला गुळाचा खडा पुढं केला. धूळ गेली असेल गळ्यात, म्हणाला.

माझ्या बोलण्यानं दादा हलला नसता. हलवलं वहिनीनं. बाबांची शेवटची वर्षं तिनंच काढली होती. रात्र-रात्र त्यांना उशांना टेकवून बसवलं होतं, पाठ चोळली होती, थुंकी काढली होती. मी जिनिंगवरून परत आले तेव्हा ती दादासमोर उभी होती. मोठ्यानं नाही, भाजी निवडताना बोलावं तसं बोलत होती.

"बाबांचं मी केलं. माहा सासरा होता, केलं. तुमचं माह्याच्यानं नाई होणार. आतापासून सांगून ठेवतो."

दादा म्हणाला, "हंगाम हाय."

"हंगामाले तुमचं मयत चालन काय?"

पुढच्या आठवड्यात तो वर्ध्याला बसमधून उतरला. हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी संत्री. त्याच मोठ्या दवाखान्यात मी त्याला नेलं. बाबांना तपासणारा डॉक्टर तिथं आता नाही. एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी नळीत फुंकायला सांगितलं. दादानं लहानपणी भुवयांवरची रुई उडवायला मारावी तशी फुंकर मारली. त्यांनी आणखी जोरात, आणखी लांब असं सांगितलं. त्याला जमेना. मग त्यांनी विचारलं, "त्रास कधी होतो? सोमवारी जास्त?"

मी म्हणाले, "डॉक्टर, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, असं विचारा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग दादाला तसंच विचारलं. दादा लगेच म्हणाला, "हो. बाधतेच. समद्यायले बाधते." डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. काम काय, किती वर्षं, वडील काय करायचे, हे सगळं त्यांनी विचारलं. अखेरीस त्यांनी तो शब्द उच्चारला. पहिल्यांदाच माझ्या घरातल्या माणसासमोर कुणीतरी तो मोठ्यानं म्हटला. मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, हा शब्द वीस पावलांवरच्या, बाबांना तपासलं त्या खोलीत, त्यांच्या देखत का नाही उच्चारला गेला? बाबांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांना तो कळला असता. आपल्याला जे झालं ते आपल्या आळसानं, भज्यांनी, बिडीनं झालं नाही, एवढं त्यातून कळलं असतं. ते स्वतःला दोष देत गेले. मला सगळ्यात मोठा राग याचा आहे.

दादानं भर हंगामात रेचा सोडला. मॅनेजर त्याला म्हणाला, "बापानं कधी असं केलं नाही." दादानं त्याला काय उत्तर दिलं ते मला सांगितलं नाही. आता तो आर्वीपलीकडं एका संत्र्याच्या बागेत पाणी सोडायला जातो. बाजाराच्या दिवशी घरी असतो. दुसऱ्या दिवशी काही होत नाही.

त्याच्या रेच्यावर दुसरा माणूस लागला आहे. त्यानंही बाजार सोडलाय असं दादा सांगतो. दादा त्याला समजवायला गेला होता. त्या माणसानं त्याला गूळ दिला.

शब्दकोश अजून खिडकीजवळ आहे. मी तिकडं जात नाही.

दादाच्या छातीचा जो भाग गेला तो परत येणार नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. जो उरला आहे त्यावर तो चालतो, सावकाश, चढावर एकदा थांबून.